निळ्या मिन्यापासून चुंबकी तारेपर्यंत

नोकरीनिमित्त जयपुरात येणाऱ्या मराठी माणसास हे शहर गुलाबी म्हणून दाखविले जाते आणि तोही बहुधा ते गुलाबी म्हणूनच पाहतो. परंतु ज्याने येथील मिनाकाम डोळे भरून पाहिले आहे, त्यास या शहराचा खरा रंग निळा वाटू लागला तर आम्ही त्यास दोष देणार नाही. आदर्श नगरात राहणाऱ्या आम्हां मंडळींस रामनिवास बाग पायी गेले तरी फार दूर नाही. त्या बागेतील आल्बर्ट हॉल १८८७ साली लोकांसाठी खुला झाला. स्विंटन जेकब यांनी तो बांधला, व डॉक्टर हेंडले यांनी त्यात जयपूरची कारागिरी आस्थेने गोळा केली. तेथील मिन्याच्या वस्तू आणि निळी भांडी पाहून पाहुणे पुढे सरकतात. हा निळा रंग कोठून आला, हे विचारणारा विरळा.

तो आला जयपूर संस्थानच्याच हद्दीतून, शेखावाटीतील खेतडीच्या परिसरातून. तेथील तांब्याच्या खाणींत पाटीच्या दगडांत विखुरलेले एक करड्या रंगाचे, धातूसारखे चकाकणारे खनिज सापडे. स्थानिक लोक त्यास ‘सेहता’ म्हणत. त्याचा अल्पसा अंश काचेच्या भुकटीत मिसळून भाजला की गर्द निळी काच होई. मिनाकार सोन्याच्या पत्र्यावर खड्डे कोरीत, त्या खड्ड्यांत रंगीत काचेची पूड भरीत व भट्टीत भाजीत. प्रत्येक रंगाची भाजणी वेगळी. पांढरा आधी आणि लाल सर्वांत शेवटी, कारण लाल रंगास उष्णता सोसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे शास्त्र हातांत होते, पुस्तकांत नव्हते. सेहत्यात कोणते द्रव्य आहे हे मिनाकारास ठाऊक नव्हते, आणि त्यावाचून त्याचे काही अडलेही नाही.

ते द्रव्य कोबाल्ट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिडल्टन नावाच्या गृहस्थांनी राजपुतान्यातून कोबाल्टचे एक साधे गंधकयुक्त खनिज आल्याचे नमूद केले आणि पुढे त्यास जयपूरच्याच नावावरून ‘जयपुराइट’ म्हणू लागले. १८८१ साली भूगर्भशास्त्र खात्याचे मॅलेट यांनी खेतडीचे नमुने बारकाईने तपासले. त्यांस त्यात आढळली ती कोबाल्टाइट व डॅनाइट ही खनिजे, म्हणजे कोबाल्ट, सोमल व गंधक यांची संयुगे. जयपुराइट काही त्यांच्या हाती लागले नाही. म्हणजे येथे नाव उरले आणि वस्तू संशयात पडली. उलटपक्षी सेहता ही वस्तू शतकानुशतके वापरात होती, तिला शास्त्रीय नाव तेवढे नव्हते. वस्तू आणि तिचे नाव यांची अशी चुकामूक विज्ञानाच्या इतिहासात वारंवार होते. ज्या संशोधनाविषयी आम्ही येथे लिहिणार आहोत, त्यात ती आपल्याच माणसांच्या बाबतीत झाली आहे.

कोबाल्ट हे नावसुद्धा मोठे मौजेचे आहे. जर्मन खाणकामगार ज्या दगडातून रुप्याऐवजी केवळ विषारी धूर निघे, त्यावर खाणीतल्या भुताचा, ‘कोबोल्ड’चा, कोप झाला आहे असे समजत. १७३५ च्या सुमारास स्वीडनमध्ये गेऑर्ग ब्रांट यांनी त्या भुतामागील धातू वेगळा केला. हा धातू लोखंडाप्रमाणेच लोहचुंबकीय आहे, किंबहुना एका बाबतीत लोखंडाहून खंबीर. लोखंड ७७० अंश सेल्सिअसला आपले चुंबकत्व टाकून देते. कोबाल्ट ते सुमारे ११२० अंशांपर्यंत धरून ठेवतो. मिनाकाराच्या निळ्या रंगातील हाच कोबाल्ट विसाव्या शतकात चुंबकीय पदार्थांच्या संशोधनाचा एक आधारस्तंभ झाला.

येथे थोडे परिभाषेविषयी बोलणे प्राप्त आहे. याच जयपूरच्या दरबारी, सवाई जयसिंहांच्या पदरी, सम्राट जगन्नाथ नावाचे महाराष्ट्रीय पंडित होते. त्यांनी युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचे ज्योतिष अरबीतून संस्कृतात आणले. तसे करताना शेकडो संज्ञा त्यांस नव्याने घडवाव्या किंवा जुन्यांतून वेचून घ्याव्या लागल्या. त्यांचे धैर्य आमच्या अंगी नाही, म्हणून आम्ही मोजक्याच संज्ञा घेतो. लोखंडाप्रमाणे ज्यात आपोआप चुंबकत्व असते ते लोहचुंबकीय द्रव्य. ज्यात त्याच धर्तीवर आपोआप विद्युत् ध्रुव निर्माण होतात आणि बाहेरून विद्युत्‌दाब देऊन ते उलटविता येतात, त्यास इंग्रजीत फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. आम्ही लोहविद्युतीय म्हणू, जरी त्यात लोहाचा कणही नसला तरी. ही विसंगती इंग्रजीतच आहे. ज्या द्रव्यात हे दोन्ही गुण एकत्र नांदतात, ते मल्टिफेरॉइक. आणि नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी अशा ऐंशी हजार भागांच्या आसपास भरते.

विद्युत् आणि चुंबकत्व यांचे नाते ओर्स्टेड आणि फॅरडे यांच्या काळापासून ठाऊक होते. पण ते तारांतून वाहणाऱ्या प्रवाहाचे नाते होते. एखादा दगड जागचा न हलता, त्याला केवळ विद्युत्‌दाब देताच चुंबक होईल काय, हा प्रश्न निराळा. १८९४ साली पिएर क्यूरी यांनी स्फटिकांच्या सममितीवरून असे होणे शक्य आहे, असे सुचविले. त्यानंतर दोन वाटा कित्येक वर्षे वेगवेगळ्या चालल्या. विद्युतीय वाटेवर १९२०-२१ मध्ये अमेरिकेत जोसेफ व्हॅलासेक यांनी रोशेल क्षारात पहिले लोहविद्युत् पाहिले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका, जपान व रशिया येथे एकमेकांपासून स्वतंत्रपणे बेरियम टायटॅनेटचे गुण लक्षात आले. चुंबकीय वाटेवर १९३० साली टोकियोत काटो व ताकेई यांनी कोबाल्ट आणि लोह यांच्या ऑक्साइडपासून, म्हणजे कोबाल्ट फेराइटपासून, चुंबक बनविला. धातूवाचून, भाजलेल्या मातीसारख्या पदार्थाचा चुंबक होऊ शकतो, ही गोष्ट त्या काळी अनेकांस अविश्वसनीय वाटली असेल. दोन्ही वाटा प्रथम जुळल्या सोव्हिएत रशियात. १९५९ साली झ्यालोशिन्स्की यांनी क्रोमियम ऑक्साइडमध्ये हा परिणाम दिसेल असे भाकीत केले व १९६० साली अस्त्रोव्ह यांनी तो प्रत्यक्ष मोजला. लेनिनग्राडला स्मोलेन्स्की व त्यांचे सहकारी त्याच सुमारास दोन्ही गुण असलेल्या ऑक्साइडांच्या शोधात होते. त्यांच्या यादीत बिस्मथ फेराइट नावाचे एक द्रव्य होते. ते चुंबकीय दृष्ट्या सुमारे ३७० अंश सेल्सिअसपर्यंत व विद्युतीय दृष्ट्या सुमारे ८३० अंशांपर्यंत सुव्यवस्थित राहते. उकळत्या पाण्याच्या कितीतरी वर टिकणारी अशी दुहेरी शिस्त दुसऱ्या फारच थोड्या द्रव्यांत आहे.

आता आपल्या माणसांकडे येतो. १९६५ साली ‘सॉलिड स्टेट कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात बिस्मथ फेराइटवर एक छोटासा निबंध प्रसिद्ध झाला. लेखक दोन : व्ही. जी. भिडे आणि एम. एस. मुलतानी. विष्णु गणेश भिडे यांचे नाव पुण्याच्या पुष्कळांस ठाऊक आहे, ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून. आमच्या येथील परिचयाच्या पुणेकरांस आम्ही विचारले, तेव्हा त्यांच्या कुलगुरुपदाच्या आठवणी निघाल्या, सौर ऊर्जेची आठवण निघाली; बिस्मथ फेराइट कोणाच्याच ओठी आले नाही. यात पुणेकरांस हसण्यासारखे काही नाही. मोठ्या पदावर गेलेल्या माणसाचे आधीचे काम त्या पदाच्या सावलीत जाते, हे सरकारी नोकरीत असलेल्या वाचकांस आम्ही काय सांगावे?

त्या निबंधातील पद्धती समजून घेण्यासारखी आहे. १९५८ साली जर्मनीत रुडॉल्फ मॉसबाउअर यांनी असे दाखविले की, घन पदार्थात घट्ट बसलेले अणुकेंद्रक धक्का न खाता गॅमा किरण सोडू व शोषू शकते. त्यामुळे किरणाच्या ऊर्जेतील अत्यंत सूक्ष्म फरकही मोजता येतो. या शोधास तीनच वर्षांनी, १९६१ साली, नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतीस सर्वांत सोयीचे केंद्रक लोह-५७ चे, आणि ते किरण मिळतात कोबाल्ट-५७ या किरणोत्सारी धातूपासून. त्याचा अर्धायुकाल सुमारे २७१ दिवस असल्याने प्रयोगशाळेस एकदा मिळालेला उगम बराच काळ पुरवून वापरावा लागतो. बिस्मथ फेराइटमधील लोहाचे केंद्रक त्या किरणास कसे उत्तर देते, यावरून त्याच्या भोवतालचे चुंबकीय क्षेत्र केवढे आहे, त्याचे शेजारी त्याच्याभोवती सारखे बसले आहेत की वाकडे, हे कळते. चुंबकीय शिस्त असेपर्यंत वर्णपटात सहा रेषा दिसतात. तापमान वाढवून ती शिस्त मोडली की त्या गोळा होतात. एका द्रव्यात दोन शिस्ती नांदतात तेव्हा लोहाच्या अणूस काय वाटते, हे त्या अणूसच विचारण्याचा हा प्रकार. बेरियम टायटॅनेटही भिडे व मुलतानी यांनी त्याच काळात याच पद्धतीने तपासले.

मॉसबाउअरच्या शोधास तेव्हा पुरती सात वर्षे झाली होती. अस्त्रोव्हच्या मोजणीस पाच. याचा अर्थ असा की, त्या काळच्या अडचणी लक्षात घेता भारतीय प्रयोगशाळा जगाच्या फार मागे नव्हती. मात्र या द्रव्यांस मल्टिफेरॉइक हे नाव नव्हते. ते १९९४ साली जिनिव्हाचे हान्स श्मिड यांनी रूढ केले, म्हणजे भिड्यांच्या निबंधानंतर २९ वर्षांनी. आज जो तरुण संशोधक हे नाव घालून जुने वाङ्मय शोधू लागतो, त्यास १९६५ चे पान सहजी सापडत नाही, कारण त्या पानावर तो शब्दच नाही. सेहता आणि कोबाल्ट यांची जी गत, तीच येथे.

मधल्या काळात या विषयास ओहोटी लागली, आणि तिची कारणे खरीखुरी होती. बिस्मथ फेराइट शुद्ध बनविणे कठीण. भट्टीतून काढावे तो इतर संयुगे मिसळलेली निघत. विद्युत्‌दाब दिला की द्रव्यातून प्रवाह झिरपे आणि मोजणी निष्फळ होई. १९७० मध्ये त्याच्या स्फटिकाचे ध्रुवीकरण मोजले गेले, ते चौरस सेंटिमीटरला जेमतेम ६ मायक्रोकूलंब भरले. एवढ्यासाठी कोण झटणार? त्यातून एक तात्त्विक अडचणही होती. १९९९-२००० च्या सुमारास निकोला हिल, पुढे स्पाल्डिन या नावाने प्रसिद्ध झालेल्या विदुषी, यांनी स्पष्ट केले की विद्युत् ध्रुवास बहुधा टायटॅनियमसारखा, ज्याच्या विशिष्ट कक्षा रिकाम्या आहेत असा, अणू लागतो. तर चुंबकत्वास त्याच कक्षा अर्धवट भरलेल्या लागतात. एकाच अणूने दोन्ही कामे करावीत ही अपेक्षाच चुकीची. बिस्मथ फेराइटमध्ये मात्र कामाची वाटणी झाली आहे. विद्युतीय काम बिस्मथकडे, चुंबकीय काम लोहाकडे. एकाच कचेरीत दोन खाती असावीत आणि दोघांचे एकमेकांशी थोडेफार जमावे, तसे हे आहे.

दरम्यान पुण्यात एक वेगळेच काम चालू होते, आणि आमच्या मते या इतिहासातील तोच सांधा सर्वांत महत्त्वाचा आहे. १९८७ साली पुणे विद्यापीठातील एका गटाने ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये असे दाखविले की, पाण्यात बुडविलेल्या लोखंडाच्या पृष्ठावर लेसरचा क्षणभराचा झोत पाडला असता तेथे लोखंड आणि पाणी यांचा संयोग होऊन अशी ऑक्साइडे तयार होतात, की जी शांतपणे तापविले असता टिकली नसती. झोत थांबताच पदार्थ इतक्या झपाट्याने निवतो की तो आहे त्या स्थितीत गोठून राहतो. द्रवात लेसर मारून सूक्ष्म द्रव्ये बनविण्याची जी शाखा पुढे जगभर फोफावली, तिच्या उगमाशी या निबंधाचा उल्लेख होतो. त्याच्या लेखकांत पाटील, फासे, घैसास, कानेटकर, दोन कुलकर्णी, सतीशचंद्र ओगले आणि व्ही. जी. भिडे ही नावे आहेत. म्हणजे १९६५ सालचे भिडे आणि पुढल्या पिढीचे ओगले हे येथे एका कागदावर भेटतात. नावांची ही यादी एखाद्या मराठी शाळेच्या हजेरीपटासारखी दिसते, असे आमच्या एका स्नेह्याने म्हटले. त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

ओगले पुढे अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात गेले. तेथे लेसरच्या झोताने ऑक्साइडाची वाफ करून तिचे अणू दुसऱ्या स्फटिकावर थरावर थर बसविण्याची विद्या भरास आली होती. २००३ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात रमेश यांच्या गटाचा बिस्मथ फेराइटवरील निबंध निघाला. पातळ थरात या द्रव्याचे ध्रुवीकरण ५० ते ६० मायक्रोकूलंब, म्हणजे जुन्या आकड्याच्या जवळजवळ दहापट, भरले. वांग हे पहिले लेखक. पुढील नावांत एस. बी. ओगले आहेत, आणि गणिती बाजू सांभाळणाऱ्यांत स्पाल्डिन व रॅब यांच्याबरोबर बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्राचे उमेश वाघमारे आहेत. वाघमारे यांची विद्या वेगळी : कोणताही प्रायोगिक आकडा उसना न घेता, केवळ पुंजभौतिकीच्या मूलतत्त्वांवरून द्रव्याचे गुण काढणे. या एका निबंधाने झोपी गेलेला विषय जागा केला, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्यातील सर्वच विधाने मात्र टिकली नाहीत. पातळ थरात चुंबकत्वही बरेच वाढल्याचे त्यात म्हटले होते. २००५ साली एरेनस्टाइन व इतरांनी त्याच साप्ताहिकात आक्षेप घेतला की, त्यांच्या थरांत एवढे चुंबकत्व दिसत नाही. मूळ लेखकांनी उत्तर दिले. पण पुढील मोजण्यांत ते मोठे चुंबकत्व बिस्मथ फेराइटच्या पदरी टाकता आले नाही. ध्रुवीकरणाचा आकडा मात्र पक्का ठरला. आपल्या माणसांचे कौतुक करताना ही बाब गाळण्याचा मोह होतो, परंतु ती गाळून लिहिलेला इतिहास आम्हांस अभिनंदनाच्या ठरावासारखा वाटतो.

यानंतरच्या वर्षी, २००४ साली, त्याच साप्ताहिकात दुसरा निबंध आला, आणि त्यात जयपूरच्या निळ्या रंगाचा कोबाल्ट परत येतो. झेंग पहिले लेखक. ओगले व शिंदे ही नावे याही यादीत आहेत. बेरियम टायटॅनेट आणि कोबाल्ट फेराइट या दोन द्रव्यांचे मिश्रण लेसरने उडवून एका स्फटिकावर बसविले असता ती दोन्ही आपोआप वेगळी झाली. कोबाल्ट फेराइटचे वीस-तीस नॅनोमीटर जाडीचे खांब उभे राहिले आणि त्यांच्या भोवती बेरियम टायटॅनेट भरून गेले. काटो-ताकेई यांचा चुंबक आणि युद्धकाळातील विद्युत्‌द्रव्य येथे एकाच थरात विणले गेले. थर तापवीत नेला तेव्हा ज्या तापमानास बेरियम टायटॅनेटचे विद्युत् ध्रुव मोडतात, नेमक्या तेथे खांबांच्या चुंबकत्वात बदल दिसला. एकाने अंग आक्रसले की त्याला चिकटून असलेल्या दुसऱ्यास ते जाणवते, एवढाच त्यांचा संवाद. पण तो मोजता आला.

चुंबकी तारांची कथा याच्या शेजारून जाते. १९७० साली पॉसिन यांनी अभ्रकात अणुकणांनी पाडलेल्या मार्गांची आम्लाने भोके केली आणि त्यांत धातू भरून अतिसूक्ष्म तारा काढल्या. १९९३ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील व्हिटनी, जियांग, सीअरसन व चिएन यांनी प्लॅस्टिकच्या पडद्यातील अशाच भोकांत निकेल व कोबाल्टच्या तारा घडविल्या. १९९५ मध्ये मासुदा व फुकुदा यांनी ॲल्युमिनियमवर, ज्यास आपण भांड्यांच्या बाबतीत ॲनोडायझिंग म्हणतो त्याच क्रियेने, मधाच्या पोळ्यासारखी ओळीने भोके पाडण्याची रीत दिली. पत्रा ऑक्झॅलिक आम्लात ठेवावा, सुमारे ४० व्होल्टचा दाब द्यावा, म्हणजे एकमेकांपासून साधारण १०० नॅनोमीटरवर छिद्रे पडतात. मग कोबाल्टच्या क्षाराच्या द्रावणातून विजेने त्यांत धातू भरावा. मुलाम्याचे काम करणाऱ्या कोणाही कारागिराच्या हे चटकन ध्यानात येईल. तार लांब आणि बारीक असल्यामुळे तिचे चुंबकत्व लांबीच्या दिशेनेच राहू पाहते, वर किंवा खाली. म्हणून प्रत्येक तार होय किंवा नाही एवढे एक अक्षर जपून ठेवू शकते. सोन्यात खड्डा कोरून त्यात कोबाल्टची काच भरणारा मिनाकार आणि ॲल्युमिनाच्या छिद्रात कोबाल्ट भरणारा संशोधक यांच्या हेतूंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. हातोटीत मात्र तितके नाही.

या साऱ्याचा उपयोग काय, असे विचारले जाते आणि विचारणे योग्यही आहे. चुंबकावर नोंद करण्यास आजवर प्रवाह लागत आला, आणि प्रवाह म्हटला की उष्णता आलीच. गणकयंत्रांच्या मोठमोठ्या कोठारांत ती निववण्यासच पुष्कळ वीज खर्च होते. प्रवाहाऐवजी नुसत्या दाबाने चुंबक उलटविता आला तर हा खर्च पुष्कळ कमी होईल. २००५ साली बिस्मथ फेराइटमध्ये उभ्या केलेल्या कोबाल्ट फेराइटच्या खांबांचे चुंबकत्व विद्युत्‌दाबाने उलटविता येते असे झावालिशे व सहकाऱ्यांनी दाखविले. २०१४ साली हेरॉन व इतरांनी ‘नेचर’मध्ये बिस्मथ फेराइटच्या थरावर ठेवलेल्या कोबाल्ट-लोहाच्या चुंबकाची दिशा खोलीच्या साध्या तापमानास केवळ दाबाने पूर्ण फिरवून दाखविली. बाजारातील यंत्रांत मात्र हे द्रव्य अद्याप रुळलेले नाही. दाब आणखी कमी व्हावा आणि उलटसुलट करून थर थकू नये, यासाठी अजून खटपट चालू आहे.

वाघमारे यांस २०१० साली भटनागर पारितोषिक व २०१५ साली इन्फोसिस पारितोषिक मिळाले. ओगले मेरीलँडहून पुण्यास परतले. प्रथम राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व नंतर तेथील ‘आयसर’ संस्थेत त्यांनी काम केले. भिडे-मुलतानी यांचा १९६५ सालचा निबंध त्या नियतकालिकाच्या तिसऱ्या खंडात, २७१ व्या पानावर आहे. भौतिकी शिकणारे मूल ज्या घरात असेल, त्यांनी ते पान एकदा काढून त्याच्या हाती द्यावे.